गेटिसबर्ग : बंदुकीवर ढकललेली जबाबदारी

१ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या लहानशा गावाभोवती अमेरिकी यादवी युद्धातील सर्वांत मोठी लढाई झाली. तिच्याविषयीचे एक स्पष्टीकरण इतक्या वेळा सांगितले गेले आहे, की आता ते स्पष्टीकरण न वाटता वस्तुस्थितीच वाटू लागले आहे. सेनापती नेपोलियनच्या काळातले डावपेच शिकलेले होते आणि सैनिकांच्या हाती मात्र नव्या युगाची रायफल आली होती. शस्त्र पुढे गेले, डोके मागे राहिले, आणि म्हणून हजारो माणसे उघड्या शेतात कापली गेली, असे ते सांगते. शाळेच्या पुस्तकांत, माहितीपटांत आणि लष्करी इतिहासाच्या गप्पांत हीच मांडणी भेटते. ती सुटसुटीत आहे, ऐकायला पटते आणि तिच्यात कुणाचाच फारसा दोष निघत नाही. तिच्याकडे संशयाने पाहायला हवे, ते मुख्यतः या शेवटच्या कारणासाठी.

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या हौशी अभ्यासकांचा नाही. आजही जगात कुठे युद्ध पेटले, की दुसऱ्या दिवशी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर क्षेपणास्त्रांचे पल्ले, ड्रोनच्या किमती आणि विमानांची तुलना करणारे तक्ते झळकू लागतात. युद्ध का सुरू झाले, ते कोणी सुरू केले आणि कोणत्या निर्णयामुळे कोणती माणसे मेली, हे प्रश्न त्या तक्त्यांच्या मागे जातात. शस्त्राला इतिहासाचा कर्ता ठरवण्याची ही सवय जुनी आहे, आणि ती कशी लागते व तिच्यामुळे काय झाकले जाते, हे पाहायला गेटिसबर्गइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आधी ते शस्त्र पाहू. उत्तरेच्या संघराज्यीय सैन्याकडे मुख्यतः १८६१ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल होती. दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्याकडे तीच, किंवा इंग्लंडहून नाकेबंदी चुकवून आणलेली १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. एन्फील्डचे नाव आपल्याला वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १८५७ च्या उठावात ज्या बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती हीच, आणि चारच वर्षांनी अमेरिकेच्या दोन्ही बाजूंनी ती लाखोंच्या संख्येने विकत घेतली. दोन्ही बंदुका ठासणीच्याच. सैनिकाने कागदी काडतूस दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने खाली ठासायची, घोडा ओढून ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. सरावलेला माणूस मिनिटाला तीन बार काढू शके. नवेपणा होता तो नळीच्या आतल्या सर्पिल खाचांमध्ये आणि गोळीच्या आकारामध्ये. फ्रेंच अधिकारी क्लोद मिन्ये याच्या नावाने ओळखली जाणारी ही निमुळती, तळाला पोकळ असलेली शिशाची गोळी नळीत सैलपणे उतरे; बार होताच तिचा तळ फुगून खाचांत बसे आणि ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडे. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने ऐंशी-शंभर यार्डांपलीकडच्या माणसाला नेमके टिपणे हा नशिबाचा भाग होता. स्प्रिंगफील्डच्या नळीवर मात्र ५०० यार्डांपर्यंतच्या नेमाची सोय होती.

कागदावर हा फरक प्रचंड आहे. आता एक शेतकऱ्याचा मुलगा त्या शेतात उभा आहे अशी कल्पना करावी. मिन्ये गोळीचा वेग आजच्या मानाने कमी होता, त्यामुळे ती मोठी कमान करून जात असे. ३०० यार्डांचा नेम लावून समोरच्याच्या कमरेवर बार काढला, तर वाटेत मधल्या पट्ट्यात ती उभ्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाई. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तरी गोळी वाया. म्हणजे हे शस्त्र लांबवर वापरायचे तर अंतर अचूक ओळखण्याचे शिक्षण हवे, आणि इंग्रजांनी त्यासाठी १८५३ मध्ये हाइथ येथे वेगळी शाळाच काढली होती. अमेरिकेतील दोन्ही सैन्यांत असे पद्धतशीर शिक्षण जवळजवळ नव्हते. कित्येक रेजिमेंटांनी कवायत भरपूर केली, बंदूक भरण्याच्या हालचाली पाठ केल्या, पण निशाण्यावर गोळी मारून पाहण्याचा सराव नाममात्र केला. त्यात काळ्या दारूचा धूर असा, की पहिल्या काही फैरींनंतर समोरचे पाय तेवढे दिसत. लढायांची वर्णने बारकाईने तपासणाऱ्या पॅडी ग्रिफिथ आणि अर्ल हेस यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे, की या युद्धात पायदळाची खरी गोळीबारी साधारण शंभर-सव्वाशे यार्डांच्या आसपासच होत राहिली. जुन्या बंदुकीच्या टप्प्याहून हे अंतर फार दूरचे नाही.

गेटिसबर्गच्याच मैदानावर याचा पुरावा उभा होता. ३ जुलैला सिमेटरी रिजवरच्या दगडी कुंपणामागे १२ वी न्यू जर्सी रेजिमेंट होती. तिच्याकडे रायफली नव्हत्या, गुळगुळीत नळीच्या ०.६९ इंच व्यासाच्या जुन्या बंदुका होत्या, ज्यांत एक मोठी गोळी आणि तीन छर्रे असे काडतूस भरत. या सैनिकांनी शत्रू येण्याआधी काडतुसे फोडून नुसत्या छर्ऱ्यांचे बार तयार करून ठेवले, शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दम धरला आणि मग एकदम फैर झाडली. समोरच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या तुकड्यांची त्या फैरीत दाणादाण उडाली. पन्नास यार्डांवर, दगडी भिंतीच्या आडून, कालबाह्य बंदूक नव्या रायफलीपेक्षा अधिक घातक ठरली. रायफलीच्या पल्ल्याने पिकेटचा हल्ला (त्या दुपारची, कॉन्फेडरेट सेनानी जॉर्ज पिकेटच्या नावाने ओळखली जाणारी चढाई) अशक्य करून टाकला असे म्हणणाऱ्याने या रेजिमेंटचे काय करायचे, याचे उत्तर द्यायला हवे.

दुसरी अडचण साधी तर्काची आहे. दोन्ही सैन्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर एकसारखीच बंदूक असेल, तर एकाच्या विजयाचे आणि दुसऱ्याच्या पराभवाचे कारण ती बंदूक कशी असेल? यावर उत्तर येते, की रायफलीने बचाव करणाऱ्याला बळ दिले आणि समोरून चढाई करणे आत्मघातकी ठरले. तसे असते तर २७ जून १८६२ रोजी गेन्स मिल येथे, रायफली रोखून बसलेल्या संघराज्यीय फळीवर समोरून चालून जाऊन ती फोडण्यात गेटिसबर्गला हरलेल्या कॉन्फेडरेट सेनापती लीच्याच सैन्याला यश आले नसते. गेटिसबर्गनंतर पाच महिन्यांनीही नाही, तोच मिशनरी रिजचा चढ चढून संघराज्यीय सैन्याने दक्षिणेची फळी उधळली नसती. समोरून केलेली चढाई कधी फसे, कधी साधे. उलट बाजूने पाहिले तर १८१२ मध्ये नेपोलियनच्या रशियातील मोहिमेत बोरोदिनोला एकाही सामान्य पलटणीकडे मिन्ये गोळी नव्हती, तरी एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून ७० हजारांच्या घरात सैनिक मृत वा जखमी झाले. गेटिसबर्गला तीन दिवसांत हा आकडा ५० हजारांच्या आसपास भरतो. कत्तलीला नव्या बंदुकीची गरज नव्हती.

मग ३ जुलैच्या दुपारी नेमके काय घडले? येथे थोडे थांबायला हवे, कारण निर्णयांची साखळी पाहिल्याशिवाय शस्त्राचा वाटा मोजता येत नाही. आदल्या दोन दिवसांत संघराज्यीय सैन्य गावाच्या दक्षिणेला गळाच्या आकाराच्या टेकड्यांवर स्थिरावले होते. जॉर्ज मीड याने सैन्याची सूत्रे घेऊन पाच-सहाच दिवस झाले होते. त्याची फळी आतल्या बाजूने वळलेली, सुमारे तीन मैलांची. एका टोकाची कुमक दुसऱ्या टोकाला तासाभरात नेता येई. लीची फळी बाहेरून वेढणारी आणि त्याहून बरीच लांब. एका कोअरचा (सैन्याच्या मोठ्या विभागाचा) निरोप दुसऱ्याला पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. लीचा बेत असा, की डावीकडे कल्प्स हिलवर यूवेल आणि मध्यावर लाँगस्ट्रीट या त्याच्या दोन कोअर-कमांडरांनी एकाच वेळी तडाखा द्यायचा. प्रत्यक्षात कल्प्स हिलवरची लढाई पहाटेच सुरू झाली आणि अकराच्या सुमारास संपलीही. त्या टेकडीवर साठी उलटलेल्या जॉर्ज ग्रीनने आदल्या दिवशी, वरिष्ठांना विशेष उत्साह नसतानाही, ओंडके आणि माती रचून मोर्चे बांधून घेतले होते. कुऱ्हाडी आणि फावडी यांनी तिथे जे काम केले ते कुठल्याही रायफलीच्या जाहिरातीत येत नाही.

एकच्या सुमारास दीडशेच्या आसपास कॉन्फेडरेट तोफा धडाडल्या. त्यांचे गोळे मोठ्या प्रमाणावर टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे गेले. पायदळाऐवजी मागच्या गाड्या, घोडी आणि मीडचे ठाणे यांचे नुकसान झाले. याची कारणे अनेक होती: धूर, उतार, आणि गोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा केव्हा फुटायचा ते ठरवणाऱ्या वाती. १३ मार्च १८६३ रोजी रिचमंडच्या ब्राउन्स आयलंडवरील दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुसंख्य गरीब घरच्या मुली आणि स्त्रिया होत्या; त्यानंतर फ्यूज दुसरीकडून येऊ लागले, आणि ते अधिक सावकाश जळत असल्यामुळे गोळे उशिरा फुटले, असे काही अभ्यासक मांडतात. हे खरे असेल, तर मैदानावरच्या नामांकित तोफेपेक्षा एका कारखान्यातल्या कामगार मुलींचे मरण त्या दुपारी अधिक निर्णायक होते. आणि युद्धाचा इतिहास आपण कुठे उभे राहून लिहितो, यावर हे एक बोलके भाष्य आहे.

पलीकडे हेन्री हंट हा संघराज्यीय तोफखान्याचा प्रमुख होता, आणि या लढाईतला माझ्या मते सर्वांत कमी गौरवलेला माणूसही तोच. त्याने नियमाबाहेर जाऊन प्रत्येक तोफेमागे वीस जादा गोळे वाहणारा गाड्यांचा वेगळा तांडा उभा केला होता आणि वरिष्ठांना त्याची कल्पनाही दिली नव्हती. त्या दुपारी त्याने आपल्या तोफांना सावकाश, मोजून मारा करायला लावले आणि मग टप्प्याटप्प्याने मारा थांबवला. दारूगोळा खऱ्या हल्ल्यासाठी वाचवायचा आणि आपल्या तोफा निकामी झाल्या असे शत्रूला वाटू द्यायचे, असा त्याचा दुहेरी हिशेब होता. पायदळाचा कोअर-कमांडर हॅनकॉक याला ते पसंत नव्हते. आपल्या सैनिकांचा धीर टिकवायचा तर तोफा गरजत राहिल्या पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. हा वाद युद्धानंतरही चालू राहिला. शत्रूच्या बाजूला एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर या तरुण तोफखाना-अधिकाऱ्याला उलटाच घोर होता. त्याचा दारूगोळा संपत आला होता, राखीव गाड्या मागे हलवल्या गेल्या होत्या, आणि आत्ता निघाला नाहीत तर मला साथ देता येणार नाही, असा निरोप त्याला पिकेटकडे पाठवावा लागला. लाँगस्ट्रीटचा या हल्ल्याला मुळातच विरोध होता. त्याने आज्ञा तोंडाने उच्चारली नाही, नुसती मान हलवली.

साडेबारा हजारांच्या आसपास माणसे पाऊण मैलाहून अधिक उघड्या शेतातून निघाली. वाटेत एमिट्सबर्ग रस्त्यालगतची मजबूत लाकडी कुंपणे आली. ती ओलांडताना रांगा विस्कटल्या, आणि त्याच वेळी कॅनिस्टर सुरू झाले. कॅनिस्टर म्हणजे लोखंडी गोळ्या भरलेला पत्र्याचा डबा. तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच तो फाटतो आणि गोळ्या फवाऱ्यासारख्या पसरतात. हे काम सर्वांत चांगले करणारी तोफ म्हणजे नेपोलियन या नावाची गुळगुळीत नळीची ब्राँझची तोफ, खाचांच्या नव्या तोफा नव्हेत. हल्ल्याच्या उजव्या कुशीवर व्हरमाँटच्या दोन रेजिमेंटा फळीतून बाहेर पडून काटकोनात वळल्या आणि त्यांनी बाजूने मारा केला. हे सैनिक नऊ महिन्यांच्या मुदतीचे होते, आणि त्यांची मुदत संपायला आली होती. डाव्या कुशीवर ८ व्या ओहायोने तेच केले. भिंतीमागच्या सैनिकांनी आदल्या दिवशीच्या मैदानावर पडलेल्या बंदुका गोळा करून, भरून, शेजारी टेकवून ठेवल्या होत्या. हल्ला भिंतीपाशी एका कोपऱ्यात क्षणभर आत घुसला आणि मोडला. मागून कुमक आली नाही. निम्म्याच्या आसपास माणसे परतली नाहीत किंवा जखमी होऊन परतली. भिंतीमागचे सैनिक ‘फ्रेडरिक्सबर्ग’ असे ओरडत होते, कारण सात महिन्यांपूर्वी डिसेंबर १८६२ मध्ये तेथील अशाच एका दगडी भिंतीसमोर त्यांचेच साथी असेच मारले गेले होते. तो दिवस वरच्या टेकडीवरून पाहणारा सेनापती होता रॉबर्ट ली. शस्त्राचे परिणाम त्याला माहीत नव्हते, असे म्हणायला जागाच उरत नाही.

माझ्या मताविरुद्ध एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संघराज्यीय वैद्यकीय नोंदींनुसार रुग्णालयात पोहोचलेल्या जखमींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना बंदुकीच्या गोळीच्या जखमा होत्या. तोफांचा वाटा अगदी थोडा. मऊ शिशाची ती जड गोळी हाडात शिरली की हाडाचा चुरा करी, आणि मग हात किंवा पाय कापण्याखेरीज शस्त्रवैद्यापुढे दुसरा मार्ग नसे. सुमारे २,४०० वस्तीच्या त्या गावात लढाईनंतर वीस हजारांहून अधिक जखमी मागे राहिले. चर्च, कोठारे, शाळा आणि अंगणे भरून गेली. सैन्याचा वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन याने उभी केलेली रुग्णवाहिकांची व्यवस्था नसती तर मृतांचा आकडा आणखी वाढता. म्हणजे मिन्ये गोळीने शरीरांचे काय केले याविषयी दुमत नाही. (तोफेने मारलेली माणसे बहुधा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत, हे मात्र त्या टक्केवारीबरोबर लक्षात ठेवावे.) माझे म्हणणे इतकेच, की माणसे कशाने मेली हा एक प्रश्न आहे आणि ती त्या जागी का उभी होती हा दुसरा, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही.

लढाईनंतर मैदानातून २७,५७४ बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले, कित्येकांत तीन ते दहा, आणि एकीत तर तेवीस. या आकड्यांवर बरेच लिहिले गेले आहे. मुळात माणसाला माणूस मारायचा नसतो आणि म्हणून सैनिक बार काढल्याचे नाटक करत होते, असा एक निष्कर्ष काढला जातो; तो मला फार ताणलेला वाटतो. टाकून दिलेल्या बंदुका या मृतांच्या, जखमींच्या आणि बिघडलेल्या बंदुका असतात. गोंगाटात आपला बार उडालाच नाही हे न कळणे, टोपी बसवायला विसरणे किंवा गज हरवणे पुरेसे शक्य आहे. पण कोणताही अर्थ घेतला तरी हे आकडे एक गोष्ट सांगतात. कारखान्याने बनवलेली बंदूक आणि घाबरलेल्या, तहानलेल्या, बहिऱ्या झालेल्या माणसाच्या हातातली बंदूक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि इतिहासाच्या तक्त्यांत आपण नेहमी पहिलीचे गुणधर्म लिहितो.

शस्त्रभक्तीची दुसरी आवडती कथा स्पेन्सर रायफलीची. एका वेळी सात गोळ्या भरून ठेवता येणारी ही बंदूक गेटिसबर्गला मिशिगनच्या घोडदळातील काही तुकड्यांकडे होती. शस्त्रखात्याचा वृद्ध प्रमुख जेम्स रिप्ली याने ती आधीच सगळ्या सैन्याला दिली असती तर युद्ध लवकर संपले असते, अडला तो एका खडूस म्हाताऱ्यामुळे, असे सांगतात. रिप्ली खडूस होता यात शंका नाही. पण १८६१ मध्ये त्याच्यापुढे लाखो माणसांच्या हाती काहीतरी चालणारे देण्याचा प्रश्न होता. डझनावारी वेगवेगळ्या व्यासांच्या बंदुका आणि तितक्याच प्रकारची काडतुसे यांचा गोंधळ तो निस्तरत होता. स्पेन्सरच्या कंपनीशी करार १८६१ च्या अखेरीस झाला आणि रायफली हाती पडू लागायला पुढचे वर्ष संपत आले, कारण कारखानाच तयार नव्हता. एका अधिकाऱ्याच्या हेकटपणावर युद्धाची लांबी टांगणे हाही बंदुकीला देव मानण्याचाच प्रकार आहे, फक्त इथे देवाच्या जोडीला एक राक्षस लागतो.

हे सगळे इतके उघड असेल तर बंदुकीचे स्पष्टीकरण टिकले कसे? मला याचे उत्तर लढाईत न दिसता लढाईनंतरच्या अर्धशतकात दिसते. १८७० मध्ये ली वारला, आणि ज्यूबल अर्लीसारख्या त्याच्या माजी सहकाऱ्यांनी त्याला निर्दोष ठरवण्याची मोहीम उघडली. दोष लाँगस्ट्रीटवर टाकला गेला. लाँगस्ट्रीट युद्धानंतर लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला होता आणि न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्या सशस्त्र जमावाविरुद्ध कृष्णवर्णीय शिपाई असलेल्या दलाचे नेतृत्व त्याने केले होते, त्यामुळे बळीचा बकरा शोधायला दूर जावे लागले नाही. ली की लाँगस्ट्रीट हा वाद कडवट होत गेला. रायफलीने मात्र सर्वांची सोय केली: लीही थोर, लाँगस्ट्रीटही शहाणा, सैनिक तर दोन्हीकडचे शूर, चूक फक्त काळाची. १९१३ च्या जुलैत लढाईच्या पन्नासाव्या वर्षी पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक गेटिसबर्गला जमले आणि त्याच दगडी भिंतीवरून एकमेकांचे हात हातात घेतले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भाषणात जुने भांडण विसरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. ते भांडण कशावरून होते याचा उच्चार त्यांनी केला नाही, आणि त्याच वर्षी त्यांच्या प्रशासनाने सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. तोफेच्या पल्ल्यावर, गोळीच्या वजनावर आणि कुठली रेजिमेंट किती वाजता कुठे होती यावर उत्तर आणि दक्षिण तासन्‌तास गोडीगुलाबीने बोलू शकतात. गुलामगिरीवर बोलता येत नाही. शस्त्र हा दोन्हीकडच्यांना मान्य असलेला विषय झाला तो यामुळे.

आणि या लढाईत गुलामगिरी दूर कुठेतरी पार्श्वभूमीला नव्हती; ती लीच्या सैन्याबरोबर पेनसिल्व्हेनियात चालत आली होती. त्या जूनमध्ये कॉन्फेडरेट तुकड्यांनी वाटेतल्या गावांतून कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष आणि मुले पकडली. त्यांत जन्मतः स्वतंत्र असलेलेही होते. त्यांना गुलाम म्हणून विकण्यासाठी दक्षिणेकडे हाकलण्यात आले. गेटिसबर्गच्या आसपासची बरीच कृष्णवर्णीय कुटुंबे आधीच पळून गेली होती. त्यांत अब्राहम ब्रायन हा स्वतंत्र शेतकरी होता. सिमेटरी रिजवर त्याची बारा एकर जमीन, घर आणि कोठार होते, आणि पिकेटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्ल्याची डावी बाजू नेमकी त्याच्या कोठाराच्या रोखाने आली. परत आल्यावर त्याने १,०२८ डॉलरच्या नुकसानीचा दावा केला. हातात १५ डॉलर पडले. या लढाईवर लिहिणारे त्याच्या कोठाराचा उल्लेख बऱ्याचदा करतात, पण खूण म्हणून: अमुक रेजिमेंट ब्रायनच्या कोठारापाशी होती.

या युद्धाच्या बातम्या आपल्याकडे दोन वाटांनी पोहोचल्या. एक वाट कापसाची. दक्षिणेची बंदरे अडली तसा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस हवाहवासा झाला, मुंबईत पैशांचा पूर आला, शेअरांचे वेड लागले, आणि एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करल्यावर भाव कोसळून प्रेमचंद रायचंदांसारखे दलाल बुडाले. या वाटेने युद्ध पाहणाऱ्यांसाठी गेटिसबर्ग म्हणजे एक बाजारभाव होता. दुसरी वाट जोतीराव फुल्यांची. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल आदर म्हणून, अर्पण केले. लढायांचे तपशील त्यांना किती ठाऊक होते हा प्रश्न गौण आहे. ते युद्ध कशासाठी झाले हे पुण्यात बसलेल्या या माणसाला १९१३ च्या त्या सोहळ्यापेक्षा स्पष्ट दिसत होते.

एका जागी मात्र बंदुकीला निर्णायक महत्त्व होते, हे मी मान्य करीन: ती कोणाला हातात धरू द्यायची या ठिकाणी. १८६३ च्या जूनमध्ये ली चालून येत असताना फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय तरुणांनी एक तुकडी उभी केली, तिच्यात ऑक्टेव्हियस कॅटो हा शिक्षक होता. शस्त्रे आणि गणवेश घेऊन ते हॅरिसबर्गला पोहोचले, आणि कृष्णवर्णीयांची भरती तीनच वर्षांच्या मुदतीने होते असे कारण देऊन जनरल काउच याने त्यांना परत पाठवले. राज्यावर शत्रू चालून आलेला असताना रायफली माघारी गेल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला राइट्सव्हिलच्या पुलापाशी दुसऱ्या एका कृष्णवर्णीय तुकडीने खंदक खणून लढत दिली. तिच्यातला एक जण मारला गेला. आणि ७ जूनला मिसिसिपीकाठच्या मिलिकन्स बेंड येथे, नुकतेच गुलामीतून सुटलेल्या आणि थोड्याच दिवसांपूर्वी जुनाट बंदुका मिळालेल्या माणसांनी संगिनी आणि दस्त्यांनी हातघाईची लढाई करून आपली जागा धरून ठेवली. शस्त्राच्या दर्जाचा आणि लढाईच्या निकालाचा संबंध शोधणाऱ्याने मिलिकन्स बेंडपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. पण ते नाव फारसे कुणाला ठाऊक नसते.

पुढे संघराज्यीय सैन्यात जवळपास १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाले. कॉन्फेडरेट काँग्रेसने १ मे १८६३ लाच ठराव करून ठेवला होता, की अशा तुकड्यांचे गोरे अधिकारी पकडले गेल्यास त्यांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकेल आणि कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी न मानता राज्यांच्या हवाली केले जाईल. त्यांची इतरांसारखी अदलाबदल करण्यास दक्षिणेने नकार दिला आणि कैद्यांच्या अदलाबदलीची सारी व्यवस्थाच कोलमडली. छावण्या भरत गेल्या. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या एका छावणीत सुमारे १३ हजार संघराज्यीय कैदी उपासमारीने आणि रोगांनी मेले. गेटिसबर्गच्या मैदानावर तीन दिवसांत दोन्ही सैन्यांचे मिळून जितके जागीच ठार झाले, त्याहून हे अधिक आहेत. त्यांना मारणारा निर्णय कोणी, कशासाठी घेतला हे कागदोपत्री नोंदलेले आहे, आणि त्याचे खापर फोडायला तिथे कोणतीही रायफल उपलब्ध नाही.